दिवसाला पाच कावून

धर्मापुरी, १८ जून २०२४

बजरंगा, आशीर्वाद. बबिता, तुलाही, त्याच्यापेक्षा चिमूटभर जास्त, कारण माझ्या लेकाला तू सांभाळतेस.

हे पत्र मी बोलते आहे आणि इथल्या शाळेच्या सत्यशीला बाई लिहिताहेत. मी 'हाय' म्हणते, त्या 'आहे' लिहितात. म्हटलं, बाई, मी म्हणते तेच लिहा, नाही तर माझा लेक म्हणेल ही कोणाची माय बोलायला लागली. त्या हसल्या आणि पुन्हा 'आहे'च लिहिलं. असू दे. पेन त्यांचा आहे.

आधी फोनचं. फोन बिघडलेला नाही. ज्वारीच्या कणगीत आहे, मीच ठेवला. तू सांजच्याला फोन करायचास, मी तुझ्या पोरीच्या कानाला लावायचे. तू विचारायचास, "जेवलीस का?" ती मुंडी हलवायची. फोनला मुंडी दिसत नाही, बजरंगा. मग तू आपला "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचास. आता बोलायचं तर कागदावर. पोस्टाचा राधाकिशन रिकामाच हिंडतो, त्यालाही काही काम लागेल. आणि बाईंच्या फोनवर फोन करू नकोस, त्यांना शाळा आहे.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तुम्ही सायलीला आणून सोडलंत. आठ वर्षांची पोर, तिसरीत जायची, आणि पुण्याकडच्या शाळेत सहा महिने तोंड उघडलं नाही. मॅडम म्हणाल्या मंद आहे. तुम्ही म्हणालात, दिवाळीपर्यंत बघू, नाही बोलली तर निवासी शाळेत टाकू, तिथं शिस्त लावतात. तेव्हा मी गप्प बसले, कारण तू प्रवासातून आलेलास आणि तुझ्या पोटात भाकर नव्हती. आता सांगते. दिवाळी येऊ दे नाही तर शिमगा येऊ दे, माझी नात कोंडवाड्यात जाणार नाही. कोंडवाड्यात चुकलेलं जनावर घालतात. ही चुकलेली नाही. हिला कोणीतरी हुसकलं आहे. कोणी, ते मी हुडकीन.

बबिता, तू पिशवीत घातलेला चांगल्या सवयींचा रंगीत तक्ता मी भिंतीला लावला. चार दिवस उलटा होता. चित्रातला पोरगा डोक्यावर उभा राहून दात घासत होता. मला वाटलं, शहरात असंच घासत असतील. बाईंनी सुलटा केला आणि वाचून दाखवला. दात घासणे. हात धुणे. लवकर उठणे. शुद्ध बोलणे. शांत बसणे. जे जमेल त्याच्यापुढं रोज एक चांदणी चिकटवायची. दात आणि हात मला कबूल. लवकर उठायचं आमची मेंढरं बघून घेतात. पण शांत बसणे ही सवय कोणाची गं? दगडाची. आणि ही पोर तर महिनाभर शांतच बसली आहे, म्हणजे तिला त्यासाठी रोज चांदणी द्यायची? मी त्या ओळीवर चुलीतल्या कोळशानं रेघ ओढली. शुद्ध बोलण्याचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे.

खाली अंगठा आहे. जरा धुरकट उठला, हात पिठाचा होता.

तुझी माय, भामाबाई


चाकण, ३ जुलै

आत्याबाईंना बबिताचा नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. हे कंपनीतून आल्यावर त्यांनाही वाचून दाखवले. कणगीचे ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला.

तक्ता मी आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंकडून आणला होता. त्यांची मुले पाहुणे आले की नमस्कार करतात, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मला वाटले, आपलीही तशी व्हावी. तुम्ही रेघ ओढलीत, पण आम्हाला इथे काय सोसावे लागते ते तुम्हाला गावात बसून कळणार नाही. मी नवीन आले तेव्हा दुकानात गोडंतेल मागितले तर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. त्या दिवसापासून मी दुकानात बोट दाखवून वस्तू घेत होते. सगळे शब्द नीट येईपर्यंत.

शाळेत नेमके काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही. मॅडमनी एकदा वहीत लिहून पाठवले होते, "घरी शुद्ध बोलण्याचा सराव घ्यावा." मी घेतला. ती काही बोलली की मी लगेच दुरुस्त करायचे. जेवतानासुद्धा. मला वाटले, आईनेच नाही शिकवायचे तर कोणी?

तिला आंघोळीनंतर केसांना तेल लावा. ती माझी आठवण काढते का?

बबिता


धर्मापुरी, ३० जुलै

बबिता, काढते. तोंडानं नाही, पण तुझी ओढणी उशाला घेऊन झोपते. धुवायला देत नाही. वास यायला लागला आहे, तरी मी बोलले नाही.

आधी विरजणाचं ऐक. आपलं विरजण घरचंच असतं. पण एका सांजेला मी सगळं दही खाऊन टाकलं, गाडगं धुवून पालथं घातलं आणि सायलीच्या हातात वाटी दिली. म्हटलं, जा, सत्यभामाकडून विरजण आण. शेजारच्या सत्यभामाला मी आधीच पढवून ठेवलं होतं की वाटी बघून द्यायचं नाही, तोंडानं मागितलं तरच द्यायचं. पोरगी दारात उभी. सत्यभामा म्हणाली, "काय पाहिजे गं? मीठ? सुई? नवरा?" पोरगी रिकामी परत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही आपलं दूध-भाकर खातोय, मला तर दह्यावाचून घास जाईना, पण हट्ट कोणाचा मोठा ते बघायचं होतं. चौथ्या दिवशी पोरगी दारातून अशी ओरडली, "विरजण!" की सत्यभामाच्या कोंबड्या उडाल्या. ती म्हणाली, "बहिरी न्हाई मी," आणि वाटीत चमचाभर घातलं.

तेव्हापासून रोज नवं घर. आज अठरा झाली. कुठं नाव सांगावं लागतं, कुठं म्हातारीची सुई ओवून द्यावी लागते, कुठं "माय कधी येणार" याला उत्तर द्यावं लागतं. आमच्या गाडग्यात आता अर्ध्या गावाचं दही आहे. आंबट लागलं की कोणाच्या घरचं ते मी जिभेवर ओळखते.

आता दुसरं. हे सांगताना मला हसू येणार नाही.

काळ्या मेंढीला कोकरू झालं. एक कान काळा, एक पांढरा. ते सायलीच्या मागंमागं असतं. परवा मी लिंबाखाली डोळे मिटून पडले होते. मी झोपले असं समजून ती कोकराला बोलत होती. "कावून, इकडं ये. कावून, पाला खा." मी डोळे न उघडता विचारलं, "असलं कसलं गं नाव?"

पाला मोडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तिकडं माझं होतं."

मग सगळं बाहेर आलं. मॅडम चंद्राचं शिकवत होत्या, तो रोज कमी कमी होतो म्हणून. हिनं हात वर करून विचारलं, "कावून?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, "कावून नाही, का म्हण." चंद्र कावून कमी होतो ते राहूनच गेलं. पण त्या दिवसापासून हिचं नाव कावून. डबा खाताना कावून, रांगेत कावून. घरी यावं तर घरी तू शब्द वेचायला बसलेली. मग तिनं दुकानच बंद केलं.

बबिता, तुझ्यावर रागावले नाही. थोडी रागावले, एक भाकर भाजेपर्यंत. बोट दाखवून तेल घेणारी पोर आपल्या पोरीला वाचवायलाच बघेल, एवढं मला कळतं. पण आता ऐका दोघं. मंद ती नाही. जिला चंद्राचं विचारलं आणि जिनं शब्दाचं उत्तर दिलं, ती मॅडम मंद.

(बाई म्हणाल्या, आजी, हे लिहू का? मी म्हटलं, ठळक लिहा.)

तक्त्यावर 'शुद्ध बोलणे'च्या जागी आता 'दिवसाला पाच कावून' आहे. पाच विचारले की चांदणी. बाईंनी 'पाच का' लिहायला पेन उचलला, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, का-का कावळा करतो. माझी नात कावून विचारील.

भामाबाई, अंगठा


चाकण, १९ ऑगस्ट

माय, पाया पडतो.

तुझं पत्र वाचून बबिता रडली. मी कंपनीत गेलो. कोणीतरी जायला पाहिजे.

तू म्हणतेस ते ऐकायला गोड आहे. पण मी इथं नऊ वर्षं काढली. एकदा मीटिंगमध्ये "लई गरम होतंय मशीन" म्हणालो, तर आजपर्यंत मला 'लई' म्हणून हाक मारतात. मशीन गरम होतंय हे कोणी ऐकलं नाही. दोन दिवसांनी ती बंद पडली. मी सोसलं. माझ्या पोरीनं सोसावं असं मला वाटत नाही. तिथं निवासी शाळेत चोवीस तास शुद्ध भाषा, वेळेवर उठणं, वेळेवर अभ्यास. फॉर्म आणला आहे.

विरजण मागून कोणी साहेब होत नाही, माय. तू स्वतः शिकली असतीस तर तुला हे कळलं असतं.

फोन कणगीतून काढ. किडे लागतील.

बजरंग


धर्मापुरी, ८ सप्टेंबर

बजरंगा,

हे पत्र सायली लिहिती हाय. म्हणून बघ, 'हाय' ला 'हाय'च लिहिलंय. आज पहिल्यांदा तुला तुझ्या मायचा आवाज कागदातून ऐकू येईल. ओळी जरा चढावर चालल्यात, पण मेंढरंबी तशीच चालतात अन सांजच्याला घरी येतात. एक ओळ व्हायला एक पान खाऊन होतंय. म्हणून थोडंच सांगते.

मी शिकले असते तर कळलं असतं, हे तू बरोबर लिहिलंस. सायलीनं वाचताना त्या ओळीला आवाज बारीक केला, पण वाचलं. मला राग आला न्हाई. बाईबी माझ्या पाठी लागल्यात, आजी, पाटी घ्या, दोन महिन्यांत नाव लिहाल. मी म्हणले, पुढच्या साली. आज मला लिहाया आलं तर ही पोरगी कोणासाठी लिहील? माझा अंगठा हाय तंवर हिचं काम हाय. तिचा हात बसू दे, मग मी बघते तुमच्या क-ख-ग कडं.

विरजण मागून साहेब होत न्हाई म्हणतोस. तुझ्या साहेबाला मागता येतं का ते बघ. न मागता घेणारे लई बघितलेत मी.

कालचे पाच कावून सांगते. देवळाच्या भिंतीवरच्या दगडी बायांची नाकं कावून फुटली? मेंढराची लोकर कातरतो तर त्याला थंडी कावून वाजत न्हाई? दही कावून घट्ट होतं? आजीच्या अंगठ्यावर रेघा कावून हायत, मेंढरांच्या पायवाटेवानी? अन पाचवा, बाबाला मशीन गरम होतंय हे एकट्यालाच कावून कळलं?

पहिल्या चारांतले दोन बाईंना आले. बाकीच्याला त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते." अन आज खरंच सांगितलं! असली शिकवणारी मी जन्मात पहिल्यांदा बघितली. बाई सायलीला नाव न घालताच वर्गात बसू देतात, तिथं तिच्या मागं आता सहा पोरी लागल्यात. मधल्या सुट्टीत त्या कावूनचा खेळ खेळतात. ज्याला उत्तर येत न्हाई त्यानं "माहीत न्हाई" म्हणायचं अन हुडकायचं. फेकलं तर बाद.

पाचवा तुझ्यासाठी हाय. जबाब लिही.

आजी भामाबाई, अंगठा
(शाई मी लावली. सायली)


चाकण, ६ ऑक्टोबर
(पाकिटावर: सत्यशीला बाईंनी वाचून दाखवावे)

माय,

फॉर्म भरला, प्रवेश झाला. वीस तारखेला, रविवारी, गाडी घेऊन येतो. दिवाळीआधी तिला शाळेत सोडायचं आहे, म्हणजे सुट्टीतल्या सराव वर्गात ती मिसळेल. दोन ड्रेस, टॉवेल आणि कडी असलेला डबा एवढंच न्यायचं आहे. यादी मागच्या पानावर लिहिली आहे.

तिला आत्ताच सांगू नकोस, रडेल. मी आल्यावर समजावतो. तुझ्याशी भांडायची माझी इच्छा नाही. मी बाप आहे, तिचं वाईट करणार नाही.

पाचव्याचा जबाब: कारण मशीनजवळ मीच उभा होतो.

बजरंग


धर्मापुरी, १३ ऑक्टोबर

बजरंगा,

लिही गं सायले. पेन थांबवायचा न्हाई. मी बोलते ते सगळं लिहायचं, तुझ्याबद्दलचंबी.

तुझं पत्र बुधवारी आलं. राधाकिशननं पाकिटावरचं वाचलं न्हाई, नेहमीसारखं सायलीच्या हातात दिलं. तिनं उंबऱ्यावर बसून मला वाचून दाखवलं. काय वाचलं सांगू? "माय, इकडं सगळं ठीक हाय. पाऊस बरा झाला. काळ्या मेंढीचा पाय कसा हाय? सायलीला वाटेल तंवर राहू दे. तिला हिरव्या बांगड्या भर." झालं. तिनं घडी घातली, मी चोळीत खोचलं.

आता मला वाचता येत न्हाई, पण बजरंगा, मी तुला जन्म दिलाय. तू आयुष्यात कधी मेंढीचा पाय विचारला न्हाईस. अन कागद मागून-पुढून दोन्हीकडं भरलेला, अन वाचणं चार ओळीत संपलं? सांजच्याला पोरगी जेवली न्हाई. विरजणालाबी गेली न्हाई. तवा मी चोळीतून कागद काढला अन बाईंच्या घरी गेले.

(आजी, हे लिहू नको ना.)

हेबी लिही. "आजी, हे लिहू नको ना" हेबी लिही. खोटं वाचलं त्याची शिक्षा खरं लिहायचं. आमच्या तक्त्यावर ही सवय नव्हती, आता कोळशानं घातलीय. बाईंच्या हातानं लिहून घेता आलं असतं, पण मग शिक्षा बाईंना झाली असती.

लिहिलंस? वाच बरं. हां. डोळे पुस.

बजरंगा, पोर चुकली. तिला मी सांगितलं, पुन्हा असं केलंस तर माझे डोळे फोडल्यावानी हाय, कारण माझे डोळे तूच हायस. पण तूबी एक ध्यानात घे. सहा महिने तोंड न उघडणारी पोर, मंद म्हणून शिक्का मारलेली, तिनं तुझं पत्र बघत बघत मनातल्या मनात दुसरं पत्र रचलं, तुझ्या आवाजात, अन न अडखळता वाचलं. त्या मॅडमला म्हणावं, हे करून दाखव.

आता तुझ्या रविवारचं. ये. गाडी घेऊन ये. मी दार लावणार न्हाई, गाडीखाली झोपणार न्हाई. दोन ड्रेस धुऊन ठेवते, कडीचा डबा सत्यभामाकडून आणते. पोरगी दारात उभी राहील अन तुला पाच कावून विचारील. पाचांची खरी उत्तरं दे अन घेऊन जा. उत्तर येत नसलं तर बाईंवानी "माहीत न्हाई" म्हण अन एकटा परत जा. फेकलंस तर बाद. खेळाचा नेम हाय, बापालाबी लागू.

तू बाप हायस. मी बापाची माय हाय.

भामाबाई, अंगठा
(बाबा, मी खोटं वाचलं. पण मेंढीचा पाय खरंच दुखतोय. सायली)


चाकण, २५ नोव्हेंबर

आत्याबाई, पाया पडते.

महिनाभर लिहायला धजले नाही. त्या रविवारी मी गाडीतून उतरले नाही, हे तुम्ही पाहिलंत. मी उतरले असते तर तिला मिठी मारली असती, आणि मग यांना कोणीच सोबत राहिलं नसतं.

पण काच खाली होती. मी सगळं ऐकलं. तिने विचारलं, "मला कावून नेता?" हे म्हणाले, "तुझ्या भल्यासाठी." ती म्हणाली, "तिथं भलं कावून होतं?" हे म्हणाले, "तिथं नीट बोलायला शिकवतात, म्हणजे लोक हसत नाहीत." मग तिने तिसरा विचारला. तो मला अजून झोपू देत नाही. "हसतात ते. मग गप मीच कावून बसायचं?"

तुम्ही मागे तांदूळ निवडत बसला होतात. मान वर केली नाहीत.

हे गाडीकडे वळले, पुन्हा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "माहीत न्हाई." 'नाही' नव्हे, 'न्हाई'. नऊ वर्षांत मी ते यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. परत येताना अर्धी वाट सरली. मग एकदम म्हणाले, "मशीन गरम झाली तवा मी पुन्हा सांगायला पायजे होतं." निवासी शाळेला यांनी स्वतःच फोन करून 'प्रवेश नको' म्हणून कळवलं.

आता महत्त्वाचं. तिचं नाव तुमच्या शाळेत पक्कं करायचं तर जुन्या शाळेचा दाखला लागतो. तो आणायला परवा मी एकटी गेले. क्लार्क म्हणाला, "शाळा सोडण्याचे कारण?" त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. शेजारी त्याच मॅडम बसल्या होत्या. घरून निघताना मी ठरवलेलं वाक्य होतं, अगदी शुद्ध. ते आलंच नाही. मी म्हणाले, "लिवा, पोरगी कावून इचारती." तो म्हणाला, "काय?" मी म्हणाले, "कावून. आमच्याकडचा शब्द हाय. जाणून घ्यायचं असलं की लागतो. तुमच्याकडं लागला न्हाई म्हणून नेतो." मॅडमनी वर पाहिलं. आत्याबाई, मी खाली पाहिलं नाही.

क्लार्क हसला, त्याने आपलं नेहमीचं लिहिलं: 'पालकांच्या विनंतीवरून'. मी भांडले नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं. येताना त्या दुकानात गेले आणि गोडंतेल मागितलं. मोठ्यानं.

दाखला सोबत आहे. जपून ठेवा.

बबिता


धर्मापुरी, ४ डिसेंबर

बबिता, आशीर्वाद घे. या बारीला सगळा तुलाच. बजरंगाला म्हणावं, तुझा पुढच्या पत्रात.

तुझं पत्र अन दाखला आला. सायलीनं उंबऱ्यावर बसून वाचलं. दुकानातलं वाचताना अशी मोठ्यानं वाचली, "गोडंतेल!" की सत्यभामा विचारत आली, कोणाला पायजे म्हणून. मी तुझ्यासाठी चांदणी चिकटवायला सांगितलीय. तक्त्यावर तुझी ओळ न्हवती, कोळशानं काढली.

सायलीला आता बत्तीस घरं तोंडपाठ हायत. कावून नावाचं कोकरू मोठं झालं, शिंगं फुटायला लागलीत, आता ते कोणाला इचारत न्हाई, सरळ ढुशी देतं. दात घासणं चालू हाय. हात धुणं कधी कधी.

मग मी दाखला मागितला. म्हणले, त्या कारणाच्या रकान्यात काय लिवलंय ते वाच बरं. तिनं कागद धरला. थांबली. एक घोट पाणी पिऊन होईल एवढी थांबली. मग म्हणाली, "कारण: पोरगी कावून इचारती." अन माझ्याकडं बघितलं न्हाई, कोकराकडं बघितलं.

लिही गं. थांबलीस कावून?

बबिता, बाईंचं घर इथून शंभर पावलांवर हाय. कागद माझ्या हातातच होता. मी त्याची घडी घातली अन कणगीत ठेवला, फोनच्या शेजारी.

या बारीला मी गेले न्हाई.

भामाबाई, अंगठा